इसहाकाने आधी जुन्याच विहिरी उकरल्या
(पाण्याची टाकी आणि हापशी तपासण्याचा एक अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन : उत्पत्ती 26:12–25, योहान 4:5–15



मेळघाटातील पाण्याच्या कामाविषयी आम्हाला जी पत्रे येतात, त्यांपैकी बहुतेकांत एकच प्रश्न असतो : "एका नव्या बोअरला किती खर्च येतो? आमच्या मंडळीला ती द्यायची आहे." हा प्रश्न प्रेमापोटी येतो, म्हणून प्रत्येक पत्राबद्दल मी देवाचे आभार मानतो. तरी गावोगावी पाण्याची साधने तपासत फिरल्यावर मला वाटू लागले आहे की, त्या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे : "जी हापशी आज बंद आहे, तिला नेमके झाले आहे काय?" या अंकातला पाठ त्या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाक गरार येथे राहतो. देशात दुष्काळ पडलेला आहे. त्याचा बाप अब्राहाम याच्या चाकरांनी खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या आहेत. इसहाक काही गरीब नाही. त्याचे पीक शंभरपट आले आहे, मेंढरे, गुरे आणि चाकर भरपूर आहेत. मनात आणले असते तर तो पहिल्या दिवसापासून नव्या विहिरी खणू शकला असता. शास्त्र सांगते की त्याने आधी बापाच्या विहिरी पुन्हा उकरल्या आणि त्यांना बापाने दिलेलीच नावे ठेवली. नव्या विहिरीही त्याने पुढे खणल्या. पहिल्या दोन विहिरींवर भांडण झाले, तिसरीवर झाले नाही आणि तिचे नाव रहोबोथ पडले. त्याने नवे काम टाळले नाही, पण त्याचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. जुनी विहीर का बंद आहे हे त्याला ठाऊक होते : तळाला पाणी होते, वर माती होती. म्हणून माती काढणे पुरेसे ठरले.

आपल्यालाही हेच आधी ठरवायचे असते. पाणी नाही, की पाण्यावर माती आहे?

हापशी बंद पडते तेव्हा

वऱ्हाडात पाण्याच्या अडचणीची दोन रूपे आहेत. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या सपाट काळ्या जमिनीत, खारपाणपट्टा आहे. तिथे बोअरला पाणी लागते, पण ते खारे असते. ते तहान भागवत नाही आणि लोखंडी पाइपही खाऊन टाकते. मेळघाटातून पुनर्वसन झालेली काही गावे अकोट-तेल्हारा भागात उतरली आहेत. डोंगरात वाढलेल्या कुटुंबांना या पाण्याची सवय नाही.

वर गाविलगडाच्या डोंगरात, धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, उलटी स्थिती आहे. पाऊस भरपूर पडतो, पण जमीन काळ्या पाषाणाची आहे. तो पाषाण पाणी धरत नाही. पाणी फक्त त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात साठते. होळी झाली की झरे आटू लागतात आणि एप्रिल-मे महिन्यांत सारे गाव एका-दोन हापशांवर येते. कोरकू भाषेत पाण्याला 'डा' म्हणतात. त्या दोन महिन्यांत पाड्यावरच्या बायकांच्या बोलण्यात हा शब्द किती वेळा येतो, ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही.

अशा वेळी हापशी बंद पडली, तर माणसे तहानलेली बसून राहत नाहीत. ती दुसरीकडे जातात. नाल्यातल्या झिऱ्यावर जातात, किंवा उघड्या विहिरीवर. जुलै 2022 मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचे दूषित पाणी पिण्यात आले, जुलाब-उलट्यांची साथ पसरली आणि माणसे दगावली. नळयोजनेचे बिल थकल्याने वीज तोडली होती, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. म्हणजे पाण्याची योजना होती, पाणीही होते, पण एका जागी खंड पडला आणि लोक उघड्या विहिरीकडे वळले. बंद हापशीकडे आम्ही याच नजरेने पाहतो. ती किती दिवस बंद राहते, याचा हिशेब कधीकधी घरातल्या लेकराच्या जिवाशी असतो.

आधी आपल्या घरची टाकी

तपासणीची रीत समजायला घरातल्या उदाहरणापासून सुरुवात करू. अमरावती-अकोल्यात आपल्यापैकी अनेकांच्या घरी बोअर आहे. गच्चीवरच्या टाकीची उंची कमी पडते, वरच्या मजल्यावर पाण्याला जोर येत नाही, म्हणून काहींनी प्रेशर पंप आणि त्याला जोडलेली छोटी गोल टाकी बसवली आहे. डोंगरातल्या वसतिगृहांत आणि दवाखान्यांतही अशी टाकी आता दिसते.

ही टाकी म्हणजे पत्र्याचे भांडे आणि आत रबरी फुगा. फुग्यात पाणी असते, फुगा आणि पत्रा यांच्यामध्ये हवा असते. पाणी दाबून लहान होत नाही, हवा होते. पंप पाणी भरतो तेव्हा हवा आवळली जाते. ठरलेला दाब आला की प्रेशर स्विच मोटर बंद करतो. नळ उघडला की आवळलेली हवा पसरते आणि पाणी ढकलते, तोवर मोटर थांबलेलीच असते. मोटरला विसावा देणे हेच या टाकीचे काम. साधारणपणे 20 पौंडाला मोटर चालू आणि 40 पौंडाला बंद, असा स्विच असतो. अशा वेळी टाकीतली हवा चालू होण्याच्या दाबापेक्षा 2 पौंड कमी, म्हणजे 18 ठेवतात. हिशेब केला तर 24 लिटरच्या टाकीतून मोटर न लागता एका वेळी सुमारे 8 लिटर पाणी मिळते.

महिने जातात तशी हवा थोडीथोडी निघून जाते, किंवा फुगा फाटतो. मग ते 8 लिटर मग्गाभरावर येतात. हात धुवायला नळ उघडला तरी मोटर लागते, लगेच बंद होते, पुन्हा लागते. घरातले म्हणतात, "मोटर खराब झाली." मोटर प्रत्येक वेळी सुरू होताना जास्त वीज ओढते आणि तापते, म्हणून काही दिवसांनी ती खरोखरच जळते. ओळखीच्या एका कुटुंबात अशा दोन मोटरी लागोपाठ बदलल्या गेल्या. टाकी मात्र कोणीच पाहिली नव्हती.

तपासणी सोपी आहे. प्रथम लक्षण नीट पाहावे.

नळ उघडताच मोटर टकटक चालू-बंद होत असेल, तर संशय टाकीतल्या हवेवर घ्यावा.

सगळे नळ बंद असताना मोटर मधूनच आपोआप लागत असेल, तर टाकीचा दोष बहुधा नसतो. पाणी कुठेतरी परत जाते किंवा गळते. टाकीनंतरचा, घराकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करून गेजचा काटा पाहावा. काटा तरीही उतरत असेल, तर गळती पंपाच्या बाजूला आहे आणि बहुतेक वेळा परतीचे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह गेलेला असतो. काटा स्थिर राहिला, तर गळती घरात आहे. संडासाची फ्लश टाकी आधी पाहावी.

मोटर लागली की थांबतच नसेल, तर ठरलेला दाब येत नाही. बोअरचे पाणी कमी झाले असेल, मोठी गळती असेल, किंवा स्विचकडे जाणारी बारीक नळी क्षाराने बुजली असेल. आपल्याकडच्या जड पाण्यात हा शेवटचा प्रकार बराच दिसतो.

हवेचा संशय पक्का करायचा तर मेन स्विच बंद करावा, नळ उघडून टाकीतले सगळे पाणी सोडावे आणि गेज शून्यावर आल्याची खात्री करावी. टाकीच्या टोकाला टोपीखाली गाडीच्या चाकाला असतो तसाच वॉल असतो. त्याची पिन क्षणभर दाबावी. हवा आली तर फुगा शाबूत आहे. चाकाच्या गेजने हवा मोजावी आणि कमी असेल तर पंपाने 18 पर्यंत भरावी. पिन दाबल्यावर पाणी आले, तर फुगा फाटला आहे. काही टाक्यांत फुगा वेगळा मिळतो आणि बदलता येतो, काहींत सबंध टाकीच बदलावी लागते.

टाकी बदलताना तीन गोष्टी पाळाव्यात. दाब शून्य झाल्याशिवाय एकही जोड सैल करू नये. नवी टाकी पाण्याला जोडण्यापूर्वीच तिच्यातली हवा मोजून आपल्या स्विचप्रमाणे ठेवावी, कारण कारखान्यातून येणारी हवा आपल्या स्विचला जुळेलच असे नाही. आणि जोडाला टेप गुंडाळून पाणी सुरू केल्यावर दहा मिनिटे कोरडा हात फिरवून प्रत्येक सांधा पाहावा. वीजजोडणीचे काम मात्र वायरमनकडूनच करून घ्यावे. पुढे दर सहा महिन्यांनी हवा पाहिली, तर मोटर वर्षानुवर्षे टिकते.

यात शिकण्यासारखे एवढेच की सगळ्यात महागडी वस्तू मोटर होती, म्हणून सगळ्यांचे बोट तिच्याकडे गेले. दोष हवेत होता.

हापशीचा इतिहास आपल्या मंडळीचाही आहे

आता गावाकडे जाऊ. ज्या हापशीवर कोरकू बाई घागर लावते, तिच्या घडणीत महाराष्ट्रातील मिशनकार्याचा वाटा आहे, हे आपल्या तरुणांना क्वचितच माहीत असते. पूर्वी आपल्या देशात जे बिडाचे हातपंप बसवत, ते अमेरिका-युरोपातल्या घरगुती पंपांच्या नमुन्यावर होते. एका कुटुंबाच्या अंगणातली विहीर आणि दिवसातून थोडा वापर, एवढ्यासाठी ते बनलेले. आपल्या गावात तोच पंप पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो माणसे हापसत. तो मोडला नसता तरच नवल. 1974 च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली, तेव्हा जवळपास पाऊण हातपंप बंद आढळले.

तोवर मराठवाड्यात दुसरे काम सुरू झाले होते. ज्या जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल वसवले, त्याच जालन्यात 1960 च्या दशकात स्कॉटिश मिशनच्या मंडळींनी कठीण पाषाणात बोअर घेण्याचे काम हाती घेतले होते. तेथील कारागिरांनी बिडाऐवजी पोलादाचा, एकाच आसावर फिरणाऱ्या दांड्याचा पंप तयार केला. तो 'जालना पंप' म्हणून ओळखला गेला. पुढे सोलापुरात त्यात सुधारणा होऊन 'सोलापूर पंप' आला. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी यांनी सोलापूरच्या पंपावरून 'इंडिया मार्क 2' घडवला. त्याचा आराखडा खुला ठेवला गेला, कोणाच्या मालकीचा केला नाही. म्हणून तो देशभर आणि पुढे आफ्रिकेतील अनेक देशांत पोहोचला. आपल्या गावातली हिरवी किंवा निळी हापशी बहुधा हीच असते.

पंप मजबूत झाला, तरी आत झिजणारे भाग राहिलेच. ते ओळखता आले पाहिजेत.

हापशीची दोन मोजमापे

मार्क 2 हापशीच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखाली, पितळी अस्तराचा सिलिंडर असतो. त्याच्या आत वर-खाली होणारा दट्ट्या आणि त्याला दोन वाटीच्या आकाराचे वॉशर असतात. सिलिंडरच्या बुडाशी पाणी परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असतो. वरपर्यंत 3-3 मीटरचे लोखंडी पाइप आणि त्यांच्या आतून सळया येतात. त्या सळया साखळीने दांड्याला जोडलेल्या असतात. पाहायचे ते एवढेच भाग आहेत, आणि त्यांची तपासणी एक बादली व एक घड्याळ यांवर होते. काहीही खोलावे लागत नाही.

पहिले मोजमाप पाण्याचे. धार सुरू झाल्यावर दांडा पूर्ण खाली, पूर्ण वर, असे 40 वेळा एका मिनिटात हापसावे आणि आलेले पाणी मोजावे. सिलिंडरचा व्यास 63.5 मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल 125 मिलिमीटर. म्हणजे एका हापसण्याला जेमतेम 0.4 लिटर, 40 ला पावणेसोळा लिटरच्या आसपास. नव्या पंपाने 12 लिटरच्या वर पाणी द्यावे. 10 लिटरच्या खाली आले, तर वॉशर झिजले असे समजावे. दोन वॉशर बदलले की पंप पूर्ववत होतो.

दुसरे मोजमाप गळतीचे. धार चालू असताना हापसणे थांबवावे आणि अर्धा तास कोणालाही दांड्याला हात लावू देऊ नये. मग पुन्हा हापसून पाणी येईपर्यंत मोजावे. पाचांच्या आत आले तर ठीक. त्याहून जास्त लागले, तर पाइपात उभे असलेले पाणी खाली उतरले आहे. म्हणजे तळाचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा पाइपाला कुठेतरी भोक आहे. सकाळी पहिले पाणी तांबडे येत असेल, तर पाइप गंजल्याचा संशय अधिक. खारपाणपट्ट्यात हे फार लवकर होते.

बाकीच्या खुणा कान आणि हातच सांगतात. दांडा एकाएकी हलका झाला आणि पाणी थांबले, तर सळई सुटली किंवा तुटली आहे. दांडा आजूबाजूला डुलत असेल, तर आसाचे बेअरिंग गेले. तळाशी वाळू-गाळ येत असेल, तर बोअरचा तळ भरत आला असेल.

आणि एक खूण या सगळ्यांहून महत्त्वाची. रात्रभर विसावलेली हापशी सकाळी पहिल्या दोन-तीन हापशांतच भरपूर पाणी देते, दहा-वीस घागरी भरतात आणि मग धार तुटते. तासाभराने पुन्हा थोडे येते. इथे पंपाचा दोष नाही. भेगांतून येणारे पाणीच कमी पडते आहे. अशा ठिकाणी वॉशर बदलून काही होणार नाही. शेजारी दुसरी बोअर घेतली, तरी ती बहुधा त्याच पाण्यात वाटेकरी होईल.

तीन गावे, तीन उत्तरे

गेल्या उन्हाळ्यात धारणी तालुक्यातल्या तीन गावांतून नव्या बोअरची मागणी आली. आम्ही आधी बादली आणि घड्याळ घेऊन गेलो.

पहिल्या गावात 40 हापशांना निम्मी बादलीही भरली नाही. गावातल्या एक काकू म्हणाल्या, "दोन वर्सं झाली, अशीच रडत चालते." ग्रामसेवकांना अर्ज दिला, पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाचा मिस्त्री आला, पाइप वर काढले. वॉशर झिजून सपाट झाले होते. दिवस मावळायच्या आत हापशी चालू झाली. नवे सामान काय लागले? दोन वॉशर आणि एक गंजलेला पाइप.

दुसऱ्या गावात पाणी तोडून-तोडून येत होते. तिथे आम्ही बोअर देण्याचे वचन दिले नाही, दुरुस्तीचेही दिले नाही. गावकरी नाराज झाले आणि त्यांची नाराजी मला समजली. त्यांच्याबरोबर बसून नाल्यावर दगड-मातीचे छोटे बांध घालायचे ठरले, म्हणजे पावसाचे पाणी जागेवर मुरेल. त्याचे फळ दिसायला पावसाळे लागतात. तोवर टँकरसाठी ग्रामपंचायतीमार्फत तहसीलला अर्ज करावा लागला. हे उत्तर देणगीदाराला फोटोत दाखवता येत नाही, पण खरे उत्तर तेच होते.

तिसऱ्या गावातल्या पाड्यावर हापशी कधी नव्हतीच. बायका सव्वा मैल चढ-उतार करून पाणी आणत होत्या. तिथे नवीच बोअर हवी होती. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाकडून जागा पाहून घेण्याचे काम सुरू आहे. जंगलहद्दीतले गाव असेल तर वनखात्याची परवानगीही लागते. देवाच्या इच्छेने पुढच्या उन्हाळ्याआधी तिथे पाणी येईल.

तीन गावांची मागणी एक होती, उत्तरे तीन निघाली. तिन्ही ठिकाणी सरळ बोअर मारली असती, तर एका ठिकाणी पैसा कामी आला असता.

आपल्याकडून काय हवे

आपल्या देणगीतून नवी बोअर निघते, तेव्हा तिच्यावर नावाची पाटी बसते. वॉशरवर पाटी बसत नाही. तरीही माझी आपणा सर्वांना विनंती आहे की, या वर्षीच्या उपकारस्तुतीच्या दानातून काही भाग दुरुस्तीसाठी राखावा. त्यातून तीन गोष्टी होतील.

एक, प्रत्येक गटासाठी सुट्या भागांची पेटी : वॉशर, व्हॉल्व्हचे रबर, साखळीचा नट-बोल्ट, बेअरिंग, ग्रीस. मिस्त्री येतो, पण सामान नसल्याने परत जातो, ही तक्रार बऱ्याच गावांत ऐकू येते.

दोन, पाइप वर काढण्याची साधने : तिवई, साखळी-कप्पी, क्लॅम्प आणि दोन मोठे पाने. 30 मीटरवर बसवलेल्या मार्क 2 चे पाइप, सळया आणि आतले पाणी मिळून वजन दीड क्विंटलच्या घरात जाते. ते चार माणसांच्या हातांच्या भरवशावर उचलले की अपघात होतो आणि एक क्लॅम्प सटकला की सगळे बोअरमध्ये जाते. म्हणून जिथे नवी हापशी द्यायची, तिथे शक्य असेल तर मार्क 3 द्यावी. तिचा पाइप रुंद असतो, त्यामुळे दट्ट्या आणि तळाचा व्हॉल्व्ह पाइप न काढताच वर ओढता येतात.

तीन, गावातल्या स्त्रियांना शिक्षण. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात 1990 च्या दशकात ग्रामीण स्त्रिया हातपंपाच्या मिस्त्री झाल्या आणि त्यांनी ते काम चालवून दाखवले. आपल्याकडे हे का होऊ नये? दांडा कधीपासून हलका लागतो, पहिली घागर भरायला किती वेळ जातो, हे रोज हापसणाऱ्या बाईएवढे कोणाला ठाऊक असते? तिला फक्त मोजायला आणि वहीत लिहायला शिकवायचे आहे : तारीख, 40 हापशांचे लिटर, विसाव्यानंतरच्या हापशांची संख्या. महिन्यातून एकदा लिहिलेल्या या तीन आकड्यांवरून मिस्त्रीला येण्याआधीच कळते की कोणते सामान घेऊन निघायचे.

दोन सूचना मात्र ध्यानात ठेवाव्यात. हापशी ग्रामपंचायतीची असते. चांगल्या हेतूने गेलेल्या मंडळीच्या तरुणांनीही लेखी परवानगीवाचून ती खोलू नये. आणि दुरुस्तीनंतर ब्लीचिंग पावडरने पाणी शुद्ध करून, गावच्या जलसुरक्षकाने तपासून हरकत नसल्याचे सांगितल्यावरच ते प्यायला द्यावे. पाइप जमिनीवर पसरलेले असतात, हात लागलेले असतात; दुरुस्तीनेच रोग आणला असे व्हायला नको.

योहानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी बाई दुपारच्या उन्हात याकोबाच्या विहिरीवर येते. विहीर खोल आहे आणि प्रभूकडे पाणी काढायला काही नाही, हे तीच त्याला सांगते. आपण त्या अध्यायातल्या जिवंत पाण्यावर पुष्कळ संदेश ऐकले आहेत आणि ते ऐकले पाहिजेतच. तरी प्रभूने संभाषणाची सुरुवात तिच्याकडे प्यायला पाणी मागून केली, हेही विसरू नये. विहीर किती खोल आणि पोहरा आहे की नाही, हे त्या बाईला नेमके ठाऊक होते. गावात गेल्यावर आपणही आधी तिच्यासारख्या बाईला विचारावे आणि ती सांगते ते मोजून पाहावे.

अभ्यासगटासाठी प्रश्न

1. इसहाकाजवळ साधने असताना त्याने जुन्या विहिरींपासून सुरुवात का केली असावी? त्यांची नावे तीच ठेवण्यात काय अर्थ दिसतो?

2. आपल्या मंडळीने मागील वर्षांत दिलेल्या वस्तूंपैकी (पंप, शिलाई यंत्र, सौर दिवे) आज किती चालू आहेत, हे आपल्याला माहीत आहे का? ते कोण जाऊन पाहील?

3. घरी प्रेशर टाकी असेल, तर या आठवड्यात वर सांगितल्याप्रमाणे मेन स्विच बंद करून तिची हवा तपासा. नवी मोटर किंवा टाकी घ्यावी लागली नाही, तर वाचलेल्या पैशांचे काय करावे याचा कुटुंबात विचार करा.

प्रार्थनेचे विषय

धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील पाड्यांसाठी, विशेषतः होळीनंतरच्या महिन्यांसाठी. पाणी तोडून-तोडून येणाऱ्या त्या दुसऱ्या गावाच्या धीरासाठी आणि तिथल्या बांधांत यंदाचा पाऊस मुरावा म्हणून. तिसऱ्या गावातल्या परवानग्या वेळेवर मिळाव्यात म्हणून. पंचायत समितीच्या मिस्त्रींसाठी, जे एका मोटरसायकलवर सामान लादून घाट चढतात. आणि त्या बायकांसाठी, ज्या यंदा पहिल्यांदाच हापशीची वही लिहिणार आहेत.

ख्रिस्तसेवेत आपला,
पाणीकामाचा एक सेवक